देवळाचे वय आणि खापराची साक्ष

देऊळ कोणत्या देवाचे, हे गावातले लहान पोरही सांगते. देऊळ किती जुने, हा प्रश्न निघाला की मात्र पारावर बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींतही तीन मते पडतात. एकजण सांगतो, पांडवांनी वनवासात असताना एका रात्रीत बांधायला घेतले आणि कोंबडा आरवल्यामुळे कळस तेवढा राहून गेला. दुसरा म्हणतो, हे हेमाडपंती काम, चुन्याशिवाय दगडावर दगड रचलेला. तिसरा एवढेच बोलतो की, पणजोबांच्या पणजोबांनीही हे असेच पाहिले होते. तिन्ही उत्तरांत देवाविषयीची भक्ती आहे आणि गावाविषयीचा अभिमान आहे. पण त्यातून देवळाचे वय काही हाती लागत नाही.

एरवी हे वय कळले नाही म्हणून पूजेअर्चेत काही उणे पडत नाही. जीर्णोद्धाराची वेळ आली की मात्र हा प्रश्न नुसता कुतूहलाचा राहत नाही. कोणता दगड ठेवायचा, कोणता बदलायचा, कोणती भिंत मूळची आणि कोणती मागाहून घातलेली, हे ठरवल्याशिवाय गवंड्याला काम सांगता येत नाही. शिवाय पाया उकरताना निघणारी माती ज्या दिवशी ट्रॉलीत भरून ओढ्याला टाकली जाते, त्या दिवशी देवळाचा अर्धा इतिहास तिच्याबरोबर जातो. म्हणून जाणकार मंडळी देवळाचे वय कसे ठरवतात, हे ज्या गावात जीर्णोद्धाराचे कार्य निघाले आहे त्या गावाने समजून घेणे अगत्याचे आहे.

‘हेमाडपंती’ या नावाचा घोटाळा

महाराष्ट्रात काळ्या दगडाचे कोणतेही जुने देऊळ दिसले की त्याला हेमाडपंती म्हणण्याची रीत आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा प्रसिद्ध मंत्री. राजा महादेव (इ. स. १२६१ ते १२७१) आणि त्यानंतर राजा रामचंद्र (इ. स. १२७१ ते १३११) यांच्या दरबारी तो होता. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा धर्मशास्त्रावरचा त्याचा मोठा ग्रंथ विख्यात आहे. म्हणजे हेमाडपंताचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध.

आता ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथचे शिवमंदिर घ्यावे. तेही चुन्याशिवाय, घडीव दगडांचे. लोक त्यालाही हेमाडपंती म्हणतात. पण त्या मंदिरातच शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख आहे आणि तो उत्तर कोकणच्या शिलाहार राजांच्या काळातला आहे. हेमाडपंत राजकारभारात येण्यापूर्वी दोनशे वर्षे हे मंदिर उभे होते. कोल्हापूर जिल्ह्यात कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचे मंदिर आहे. तेथे यादव राजा सिंघणदेव याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. तोही हेमाडपंताच्या आधीचा. तात्पर्य, ‘हेमाडपंती’ हे नाव बांधणीची तऱ्हा सांगते, साल सांगत नाही.

पांडवांचेही असेच आहे. नाशिकजवळच्या लेण्यांना लोक पांडवलेणी म्हणतात. त्या लेण्यांतले ब्राह्मी लिपीतील लेख वाचले गेले, तेव्हा त्यांत सातवाहन आणि क्षत्रप राजांची, राजस्त्रियांची आणि दान देणाऱ्या साध्यासुध्या लोकांची नावे निघाली. त्यामुळे लेण्यांचे महत्त्व तिळमात्र कमी झाले नाही. उलट दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पदरमोड करून ती कोरविली, त्यांचे श्रेय त्यांना मिळाले. जीर्णोद्धाराला देणगी देणाऱ्यांना ही गोष्ट सहज पटावी. आज दिलेली देणगी हजार वर्षांनी कोणी तिसऱ्याच्याच नावावर मांडली, तर ते कोणाला रुचेल?

भिंती काय सांगतात

देवळावर शिलालेख असेल आणि त्यात शक दिलेला असेल, तर काम सोपे होते. पण बहुतेक गावांच्या देवळांवर असा लेख नसतो. अशा वेळी अंबरनाथ, खिद्रापूर यांसारखी ज्यांचा काळ लेखावरून कळतो, ती मंदिरे मापाला घ्यावी लागतात. सराफ जसा कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो, तसे अभ्यासक आपल्यापुढचे देऊळ या मंदिरांशी ताडून पाहतात. जोत्याचे थर कसे आहेत, खांबांचे खालचे अंग चौकोनी असून वर ते अष्टकोनी आणि गोल कसे होत जातात, खांबाच्या माथ्यावर भार पेलणारे कीचक आहेत काय, गाभाऱ्याच्या दाराला किती शाखा आहेत, ललाटावर गणपती आहे की दुसरी देवता, उंबरठ्यावर कीर्तिमुख आहे काय, शिखराची ठेवण कशी आहे, हे सारे टिपले जाते. दागिन्यांची घडण जशी पिढीपिढीने बदलते, तशी दगडाची घडणही बदलते. एखाद्या तपशिलावरून निर्णय देता येत नाही. पण दहा तपशील एकाच काळाकडे बोट दाखवू लागले की अंदाजाला बळकटी येते.

गावोगावच्या देवळांत बहुधा एकाच देवळात दोन-तीन काळ नांदत असतात. खाली घडीव काळ्या दगडाचा गाभारा, वर विटांचे आणि चुन्याचे शिखर, समोर लाकडी खांबांचा सभामंडप आणि अंगणात दीपमाळ, हे दृश्य महाराष्ट्रात सर्वत्र दिसते. विटा-चुन्याचे शिखर, त्यातले कोनाडे, घुमट, महिरपी आणि दीपमाळा ही प्रायः मराठेशाहीतील कामे. त्या काळात पडलेली देवळे पुन्हा उभी करण्याचे मोठे कार्य झाले. त्र्यंबकेश्वरचे आजचे मंदिर नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. वेरूळच्या घृष्णेश्वराचे आजचे मंदिरही अठराव्या शतकात होळकर घराण्याकडून उभे राहिले. क्षेत्र प्राचीन, पण डोळ्यांसमोरची वास्तू अडीचशे वर्षांची, असे अनेक ठिकाणी आहे. तेव्हा ‘देऊळ किती जुने’ या प्रश्नाचे एकच उत्तर नसते. क्षेत्राचे वय वेगळे, गाभाऱ्याचे वेगळे, शिखराचे वेगळे आणि मूर्तीचे वेगळे असू शकते.

भिंतींच्या साक्षीला एक मर्यादाही आहे. दगड हलतो. एका पडक्या देवळाचा कोरीव खांब दुसऱ्या देवळात बसवलेला आढळतो, वेशीच्या भिंतीत वीरगळ चिणलेला दिसतो, विहिरीच्या पायरीला द्वारशाखेचा तुकडा लावलेला असतो. जुना दगड नव्या कामात आला म्हणून काम जुने ठरत नाही. म्हणून वरच्या दगडाची साक्ष खालच्या मातीशी पडताळून पाहावी लागते.

खापर का बोलते

शेतकऱ्याला काळी आणि पांढरी यांतला फरक शिकवावा लागत नाही. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. जेथे शेकडो वर्षे माणसे राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या आणि पुन्हा उठल्या, तेथली माती राखेने आणि केरकचऱ्याने पांढुरकी होते. अशा पांढरीच्या टेकाडावर पावसाळ्यानंतर सहज फिरले तरी पायांखाली खापरे लागतात. लोक ती पायाने बाजूला सारतात. पुराणवस्तुसंशोधक मात्र तीच वेचतात.

याचे कारण सोपे आहे. सोने, तांबे, लोखंड माणूस टाकून देत नाही; मोडले तर वितळवून पुन्हा वापरतो. लाकूड कुजते, कापड सडते. मडके मात्र रोज वापरले जाते, रोज फुटते, आणि फुटल्यावर त्याला कोणी विचारत नाही. ते जेथे पडते तेथेच राहते आणि एकदा आव्यात भाजलेली माती हजारो वर्षे जमिनीत नाश पावत नाही. शिवाय भांड्यांची मातीत मिसळलेली वाळू-कोंडा, चाकावर ओढण्याची तऱ्हा, काठाची वळणे, रंग आणि भाजणी काळाप्रमाणे बदलत जाते. म्हणून खापराचा तुकडा पाहून तो कोणत्या काळातला, हे सांगता येते.

महाराष्ट्रातील भांड्यांचा हा क्रम लावण्याचे काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतर मोठ्या चिकाटीने केले. संगमनेरजवळ प्रवराकाठच्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले. तेथे तांबड्या रंगावर काळी नक्षी असलेली, उत्तम भाजलेली भांडी मिळाली. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत नाद देणारी ही भांडी इ. स. पूर्व १४०० ते १००० या सुमाराची ठरली. त्यांनंतर लोहयुगातली काळी-तांबडी भांडी येतात. आव्यात पालथी घालून भाजल्यामुळे ती आतून काळी आणि बाहेरून तांबडी होतात. सातवाहनांच्या काळात काळ्या-तांबड्या भांड्यांबरोबर झिलईदार तांबडी भांडी आणि परदेशातून आलेल्या उंच, दोन कानांच्या रांजणांचे तुकडे मिळू लागतात. पुढे बहामनी काळाच्या थरांत काचेसारखी झिलई दिलेली भांडी आणि रंगीबेरंगी काचेच्या बांगड्या दिसतात. नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात झालेल्या उत्खननात अशा अनेक युगांचे थर एकावर एक मिळाले.

जमिनीचा नियम कणगीसारखा आहे. आधी टाकले ते तळाशी, मागाहून टाकले ते वर. त्यावरून देवळासाठी दोन सोपे नियम निघतात. पहिला नियम असा की, जमिनीच्या फरशीखाली किंवा पायाच्या चरात दाबून बसलेली वस्तू फरशीच्या आधीची किंवा फार तर तिच्या वेळची असते. अखंड फरशीखाली राणीछाप रुपया सापडला, तर ती फरशी राणीच्या राज्यापूर्वीची असू शकत नाही. मग वरचा दगड कितीही जुना दिसो. दुसरा नियम याच्या उलट. भिंत उभी राहिल्यानंतर तिच्या अंगाला येऊन टेकलेल्या मातीत जी खापरे मिळतात, ती भिंतीनंतर तेथे पडलेली असतात. म्हणून ते थर जेव्हाचे, त्याच्या आधी भिंत होती. या दोन नियमांच्या कात्रीत देवळाचा काळ सापडतो. मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. मध्येच एखादे धान्याचे जुने पेव किंवा घुशीचे बीळ असेल, तर वरची वस्तू खाली जाते आणि पाहणाऱ्याला चकवते.

तेरची साक्ष

या साऱ्याचे उत्तम उदाहरण म्हणजे धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेर. तेरणा नदीच्या काठचे हे गाव वारकऱ्यांना संत गोरोबाकाकांचे गाव म्हणून पूज्य आहे. त्यांची समाधी तेथेच आहे. संतमंडळी जमली असता गोरोबांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर थापटले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे याची परीक्षा केली, ती कथा सर्वश्रुत आहे. या कुंभार संताच्या गावाचा प्राचीन इतिहास खापरांनीच उलगडावा, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

इ. स. च्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराची माहिती लिहून ठेवली. तीत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याचे आणि तेथून कापड गाड्यांवर लादून भडोच बंदराला जात असल्याचे नमूद आहे. उत्तर कोकणचे शिलाहार राजे, ज्यांच्या काळात अंबरनाथचे मंदिर झाले, तेही स्वतःला तगरनगरीचे अधीश्वर म्हणवीत. हे तगर कोठले, याविषयी पुष्कळ वाद होता. १९०१ मध्ये फ्लीट या विद्वानाने तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी पुराणवस्तू खात्याचे हेन्री कझिन्स यांनी तेरला जाऊन तेथली टेकाडे आणि देवळे पाहिली.

पण कागदावरच्या विधानाला मातीची साक्ष हवी होती. ती १९५८ मध्ये श्री. बा. ना. चापेकर यांनी केलेल्या उत्खननाने आणि त्यानंतरच्या उत्खननांनी मिळाली. सातवाहनकालीन भांडी, शंखाच्या बांगड्या, मणी, पांढऱ्या मातीच्या सुबक मूर्ती, रोमन धर्तीचे दिवे आणि परदेशी रांजणांची खापरे तेरच्या मातीतून निघाली. तेरला मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी आहे. पॉम्पेई नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे तेथली मूर्ती त्या सालाच्या आधीचीच असली पाहिजे. असा एक पक्का आकडा मिळाला की तेरसारख्या दूरच्या गावातल्या वस्तूंचा काळही त्याच्या आधाराने ठरवता येतो. त्यामुळे इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात तेर हे भरभराटीचे नगर होते, यात शंका उरली नाही.

आता तेरच्या त्रिविक्रम मंदिराकडे यावे. हे मंदिर दगडाचे नसून विटांचे आहे. त्याचा मागचा भाग चौकोनी नाही. तो अर्धगोल आहे आणि वरचे छप्पर गाडीच्या टपासारखे लांबट गोलाईचे आहे. हा आकार कार्ले, भाजे येथील चैत्यलेण्यांत डोंगर पोखरून कोरलेला दिसतो. जमिनीवर बांधलेली अशी जुनी वास्तू भारतात क्वचितच उभी राहिली आहे. आंध्र प्रदेशात चेजर्ला येथील कपोतेश्वराचे मंदिर ही तिची जोडीदारीण. या आकारावरून तेरची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी आणि पुढे तेथे विष्णूची स्थापना झाली असावी, असे कझिन्स यांचे मत पडले. समोरचा सपाट छताचा मंडप मागाहून जोडलेला आहे. मागचा भाग किती प्राचीन, याविषयी विद्वानांच्या मतांत काही शतकांचा फरक आहे. कारण टेकाडातली खापरे नगराचे वय सांगतात. देवळाचे वय सांगायला नेमकी देवळाच्या पायाशी दाबलेली खापरे लागतात. तरीही एवढे निश्चित की मागचा गाभारा, पुढचा मंडप आणि आतली मूर्ती यांना एकाच दिवसाचे धरून चालत नाही. तेरच्याच उत्तरेश्वर मंदिराची विटांची बांधणी आणि कोरीव लाकडी चौकटही अशीच दुर्मिळ आहे. तेरच्या जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की त्या पाण्यावर तरंगतात, ही ख्याती आजही आहे. वीट ही देखील भाजलेली मातीच. सातवाहन काळातली वीट जवळजवळ हातभर लांब असते, पुढच्या काळातली आखूड होत जाते. म्हणून विटेचे मापसुद्धा खापराइतकेच बोलके असते.

तेरचे आणखी एक भाग्य असे की तेथल्या या ठेव्याची किंमत गावातल्याच एका माणसाने ओळखली. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्यात, टेकाडावर मिळणाऱ्या वस्तू वर्षानुवर्षे जमवल्या आणि जपल्या. त्यांच्या संग्रहातून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. ज्या वस्तू पोरांनी खेळून फोडल्या असत्या, त्या आज देशोदेशीचे अभ्यासक पाहून जातात.

वरचे देऊळ आणि खालचे देऊळ

पायाखालची माती देवळाचे वय कसे बदलते, याचे दुसरे उदाहरण तिरुपतीजवळच्या गुडीमल्लम या गावचे आहे. तेथील परशुरामेश्वर मंदिर वरून पाहिले तर मध्ययुगीन दगडी मंदिर आहे. त्यावर पल्लव-चोळ काळाचे लेख आहेत. गाभाऱ्यातील शिवलिंगावर उभ्या शिवाची मूर्ती कोरलेली असून तिच्या घडणीवरून ती इसवी सनापूर्वीची असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मग लिंग इतके प्राचीन आणि मंदिर त्यामानाने कितीतरी अर्वाचीन, हे कसे? १९७३ मध्ये भारतीय पुरातत्त्व खात्याचे डॉ. आय. के. शर्मा यांनी तेथे उत्खनन केले, तेव्हा लिंगाभोवती दगडी कठडा निघाला आणि आजच्या मंदिराच्या खाली जुन्या मोठ्या विटांचे बांधकाम आणि काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे मिळाली. म्हणजे देव एकाच जागी राहिला आणि त्याच्यावरचे छत्र युगायुगांत बदलत गेले. नुसते वरचे दगड पाहिले असते, तर गावाच्या श्रद्धेचे निम्मे आयुष्य हिशेबातून सुटले असते.

महाराष्ट्रात ताजे उदाहरण पंढरपूरचे आहे. श्रीविठ्ठल मंदिराच्या जतन-संवर्धनाचे काम चालू असताना २०२४ च्या मे महिन्याअखेर फरशीखाली एक तळघर मिळाले. त्यातून दगडी मूर्ती, पादुका, नाणी आणि बांगड्यांचे तुकडे निघाले. कामावर जाणकार हजर होते म्हणून ते सारे नोंदवून बाहेर काढता आले. बांगडीच्या तुकड्याची किंमत बाजारात शून्य; पण कोणत्या थरात तो होता, हे लिहिलेले असेल तर तोच काळाचा पुरावा ठरतो. एखाद्या लहान गावात हेच घडले असते तर मूर्ती तेवढ्या बाजूला ठेवल्या गेल्या असत्या आणि बांगड्या भरावात गेल्या असत्या.

आज विज्ञानाने आणखी साधने दिली आहेत. जुन्या लाकडाचा किंवा कोळशाचा काळ त्यातील किरणोत्सारी कार्बनच्या प्रमाणावरून काढता येतो. वीट किंवा खापर शेवटचे कधी भाजले गेले, हेही प्रयोगशाळेत तापवून त्यातून निघणाऱ्या सूक्ष्म प्रकाशावरून ठरवता येते. पण प्रयोगशाळा कितीही मोठी असली तरी खापर कोठून, किती खोलीवरून निघाले, हे तिला सांगता येत नाही. ते कुदळ मारणाऱ्यानेच सांगितले पाहिजे.

जीर्णोद्धार करणाऱ्यांच्या हाती

म्हणून देवळाच्या इतिहासाचा पहिला रक्षक कोणी संशोधक नव्हे, तर कामावरचा मजूर आणि त्याच्यावर देखरेख करणारा गावकरी होय. फारसा खर्च न करता त्यांना पुष्कळ करता येते. काम सुरू होण्यापूर्वी देवळाची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. उतरवायच्या प्रत्येक दगडावर खडूने क्रमांक घालून त्याची जागा वहीत लिहावी. पाया उकरताना निघालेली खापरे, विटा, मणी, बांगड्या, नाणी वेगवेगळ्या पाटीत ठेवून त्यांबरोबर जागा आणि खोली लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. जुनी फरशी उचलण्यापूर्वी, आणि मूर्ती, लेख किंवा जुने बांधकाम दिसताच, काम थांबवून पुरातत्त्व खात्याला कळवावे. जमिनीत सापडलेले धन आणि मौल्यवान वस्तू यांची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहेच. देऊळ संरक्षित स्मारक असेल तर परवानगीशिवाय एक चिराही हलवता येत नाही.

काही गोष्टी चांगल्या हेतूने होतात, पण त्यांनी नुकसान होते. कोरीव खांबांना तैलरंग फासला की छिन्नीचे बारकावे बुजतात आणि लेख असेल तर तोही झाकला जातो. घडीव दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले की भिंतीचा दमटपणा आत कोंडतो. गाभाऱ्याला गुळगुळीत चकचकीत फरशा लावल्या की मूळचा दगड दिसेनासा होतो. देणगीदारांच्या नावाच्या पाट्या जुन्या शिल्पावर किंवा द्वारशाखेवर ठोकल्या, तर एका पुण्यवंताचे नाव लिहिताना दुसऱ्याचे पुसले जाते. त्या पाट्यांसाठी नव्या भिंतीची स्वतंत्र जागा राखावी, म्हणजे दोघांचाही मान राहील. अंगणात उलथेपालथे पडलेले वीरगळ आणि सतीशिळा सरळ उभ्या कराव्यात. त्या गावासाठी खपलेल्यांच्या खुणा आहेत.

आणि जे नवे काम होईल, त्यावर शके आणि सन ठळक कोरावे. जुन्यासारखे दिसावे म्हणून नव्या दगडाला जुनेपण आणू नये. एवढी खबरदारी घेतली तर पुढच्या पिढ्यांना पारावर बसून तर्क करावे लागणार नाहीत.

देऊळ हजार वर्षांचे निघो, पाचशेचे निघो की अडीचशेचे, देवाच्या ठायी त्याने अंतर पडत नाही. अडीचशे वर्षांपूर्वी दुष्काळ आणि धामधुमीतून सावरत एखाद्या गावाने दाणादाणा गोळा करून शिखर उभे केले असेल, तर ती थोरवी पांडवांच्या एका रात्रीपेक्षा उणी नाही. तिचा खरा काळ कळणे म्हणजे त्या पूर्वजांचे श्रम मान्य करणे होय. आजचा जीर्णोद्धारही कालांतराने त्याच मातीतला एक थर होणार आहे. आजच्या विटा, आजच्या पणत्या आणि आज फुटलेले मडके उद्याच्या माणसाच्या हाती लागेल. गोरोबाकाकांच्या थापटण्यासारखे तेही तेव्हा टिचकी मारून पाहिले जाईल. काम पक्के होते की कच्चे, हे ते खापरच सांगेल.

॥ शुभं भवतु ॥